इन-मेमरी डेटाबेसमध्ये तयार केलेले टेबल ‘सापडत नाही’ : कारणे, तपासणी आणि उपाय

पायथॉनच्या एसक्यूलाइट३ मॉड्यूलने (एसक्यूलाइट या सर्व्हर न लागणाऱ्या छोट्या डेटाबेसशी पायथॉनला जोडणाऱ्या भागाने) मेमरीत डेटाबेस उघडला, टेबल तयार केले, त्यात चार ओळी भरल्या, आणि पुढच्याच फंक्शनमधून सिलेक्ट चालवताच ‘नो सच टेबल’ असा एरर आला, ही तक्रार माझ्याकडे दर सत्रात नव्याने येते. बेळगावात मी ज्या मुलांना एसक्यूएल शिकवतो त्यांपैकी बरीच मुले खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून येतात आणि संगणक त्यांना प्रयोगशाळेतच मिळतो. तो संगणक त्यांच्या आधी दुसऱ्या तुकडीने वापरलेला असतो, आणि त्यावर डेटाबेस सर्व्हर बसवायचा तर लागणारा पासवर्ड विद्यार्थ्यांकडे नसतो. एसक्यूलाइट३ हे मॉड्यूल मात्र पायथॉन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, पायथॉनसोबतच येते आणि मेमरीतील डेटाबेसला फाईलही लागत नाही. आधीच्या तुकडीचे काहीही शिल्लक राहत नाही, प्रत्येकाची सुरुवात कोरी होते, आणि क्वेरी चुकली तर नुकसान काहीच होत नाही. शिकण्यासाठी आणि क्वेरीचा कच्चा आराखडा पारखून पाहण्यासाठी याहून सोयीचे साधन मला सापडलेले नाही, आणि म्हणूनच पहिल्याच आठवड्यात या एका एररमुळे मुले हे साधन सोडून देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

या लेखात आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन लिपीत टाकावे लागतात. उदाहरणासाठी मी वर्गात वापरतो तीच रचना येथे घेतली आहे : गावातील दूध डेअरीचे ‘सभासद’ नावाचे एक टेबल, ज्यात सभासद क्रमांक, नाव आणि गाव आहे, आणि ‘संकलन’ नावाचे दुसरे टेबल, ज्यात तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट हे रकाने आहेत. आमच्या भागातील बहुतेक मुलांच्या घरी दुधाचे कार्ड असते, त्यामुळे ग्रुप बाय म्हणजे काय हे सांगताना दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब पुरेसा होतो.

मूळ कारण : डेटाबेस कनेक्शनचा असतो

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तिचा कोड दाखवला. “सर, टेबल केलंय मी, ओळी पण भरल्यात, तरी टेबलच नाही म्हणतंय,” असे ती म्हणत होती, आणि तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिने तीन फंक्शन लिहिली होती : एक टेबल तयार करणारे, दुसरे ओळी भरणारे आणि तिसरे अहवाल काढणारे. प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत कनेक्ट होते, त्यात डेटाबेसचे नाव म्हणून दोन्ही बाजूंना कोलन असलेला मेमरी हा शब्द होता, आणि शेवटच्या ओळीत क्लोज होते. डेटाबेस फाईलमध्ये असता तर हा कोड निर्दोष ठरला असता, कारण फाईल डिस्कवर राहते आणि प्रत्येक नवे कनेक्शन तीच फाईल पुन्हा उघडते. कनेक्शन उघडावे, काम करावे, बंद करावे, ही सवय तिला योग्यच लागली होती.

मेमरीतील डेटाबेसला मात्र कनेक्शनच्या बाहेर अस्तित्व नाही. कोलन-मेमरी-कोलन हे कोणत्याही एका डेटाबेसचे नाव नसून ‘मला एक नवा, रिकामा डेटाबेस द्या’ अशी ती मागणी आहे. जितक्या वेळा कनेक्ट म्हणाल तितके डेटाबेस तयार होतात, ते एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात, आणि ज्याचे कनेक्शन बंद होते तो त्याच क्षणी संपतो. वर्गात मी हे पाटीच्या उदाहरणाने सांगतो : कनेक्ट म्हटले की हातात कोरी पाटी येते, क्लोज म्हटले की ती पाटी पुसून जाते, आणि शेजाऱ्याच्या पाटीवर लिहिलेले आपल्या पाटीवर उमटत नाही. त्या विद्यार्थिनीच्या कोडमध्ये तीन पाट्या होत्या. पहिल्या पाटीवर टेबल झाले आणि पुसले गेले; दुसरी पाटी कोरी असल्यामुळे ओळी भरतानाच एरर यायला हवा होता, परंतु तिने तेथे ट्राय-एक्सेप्ट लावून एरर गिळून टाकला होता; म्हणून तक्रार तिसऱ्या फंक्शनमध्ये प्रकट झाली आणि ती दोन तास अहवालाची क्वेरी दुरुस्त करीत बसली. त्या क्वेरीत एकही चूक नव्हती. शिकण्याच्या काळात एरर झाकणारा एक्सेप्ट लिहू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते याच कारणासाठी.

क्वेरीला हात लावण्यापूर्वी करायची तपासणी

‘नो सच टेबल’ दिसले की क्वेरीतील टेबलाचे नाव एकदाच नीट पाहावे, आणि ते बरोबर असेल तर क्वेरी बाजूला ठेवून कनेक्शनकडे वळावे. जेथे टेबल तयार केले त्या ठिकाणी आणि जेथे एरर आला त्या ठिकाणी, अशा दोन्ही जागी कनेक्शनच्या व्हेरिएबलवर आयडी हे फंक्शन चालवून आलेला आकडा छापावा. आकडे वेगळे आले तर कनेक्शन दोन आहेत, म्हणजे डेटाबेसही दोन आहेत, आणि शोध तेथेच संपतो. आकडे सारखे आले तरी एक शंका उरते, कारण बंद झालेल्या कनेक्शनची जागा पायथॉन नव्या कनेक्शनला देऊ शकतो आणि मग दोन वेगळ्या वस्तूंचा आकडा योगायोगाने एकच येतो. त्यामुळे मधे कोठे क्लोज झालेले नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर ज्या कनेक्शनवर एरर आला त्याच कनेक्शनला दोन प्रश्न विचारावेत. पहिला म्हणजे एसक्यूलाइट-मास्टर या अंतर्गत टेबलातून नावे काढणारा सिलेक्ट; यात या क्षणी या डेटाबेसमध्ये असलेले प्रत्येक टेबल दिसते, आणि यादी रिकामी आली तर आपण कोऱ्या पाटीसमोर उभे आहोत. दुसरा म्हणजे प्राग्मा डेटाबेस-लिस्ट; प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटलाच काही विचारणारी किंवा त्याची मांडणी बदलणारी खास आज्ञा. याच्या उत्तरात मेन या डेटाबेसपुढे फाईलचा रकाना असतो, आणि डेटाबेस खरोखर मेमरीत असेल तर तो रकाना रिकामा असतो. त्या रकान्यात एखाद्या फाईलचा मार्ग दिसला तर आपण मेमरीत नाहीच, डिस्कवर आहोत.

हा दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. मेमरी या शब्दाच्या एका बाजूचा कोलन राहिला, मधे स्पेस पडली किंवा तो शब्द कॅपिटल अक्षरांत लिहिला, तर एसक्यूलाइट त्याला खास नाव न समजता साध्या फाईलचे नाव समजते. दोन्ही कोलन राहून गेले तर चालू फोल्डरमध्ये मेमरी नावाची फाईल निमूटपणे तयार होते. याचे लक्षण पहिल्या समस्येच्या अगदी उलट असते : पहिल्यांदा सर्व सुरळीत चालते आणि दुसऱ्यांदा कोड चालवताच ‘टेबल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असा एरर येतो. डेटाबेस मेमरीत आहे अशी खात्री असताना टेबल आधीपासून असल्याची तक्रार आली, तर आधी फोल्डर उघडून पाहावे.

नोटबुकमध्ये, म्हणजे कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत चालवण्याच्या साधनात, काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कनेक्ट असलेला सेल चुकून दुसऱ्यांदा चालवला की त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये नवे कनेक्शन येते आणि जुना डेटाबेस कोणतीही सूचना न देता जातो. पडद्यावर मात्र आधीच्या सेलांची उत्तरे तशीच दिसत राहतात, त्यामुळे टेबल अजून आहे असा भास होतो. कनेक्ट, टेबल तयार करणे आणि नमुन्याच्या ओळी भरणे या तीनही गोष्टी एकाच सेलमध्ये ठेवल्या तर तो सेल कितीही वेळा चालवला तरी पुढचे बिघडत नाही.

सरळ उपाय

एकच कनेक्शन उघडावे आणि ते प्रत्येक फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. कोणत्याही कामकरी फंक्शनने स्वतः कनेक्ट किंवा क्लोज म्हणू नये. उघडणे आणि बंद करणे ही जबाबदारी सर्वांत बाहेरच्या एकाच जागी असावी. या पद्धतीचा एक मोठा फायदा असा की उद्या हाच कोड फाईलवर किंवा दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचा झाला तर बदल त्या एका जागीच करावा लागतो. येथे विथ या शब्दाबद्दलचा गैरसमजही दूर केला पाहिजे : एसक्यूलाइट३ मध्ये विथ कनेक्शन असे लिहिले तर तो भाग यशस्वी संपल्यावर कमिट होते, म्हणजे बदल पक्के होतात, आणि एरर आल्यास रोलबॅक होते, म्हणजे ते मागे घेतले जातात, पण कनेक्शन बंद होत नाही. म्हणून एकाच मेमरी कनेक्शनवर विथ अनेकदा वापरण्यात कोणताही धोका नाही. धोका आहे तो त्या ओळीतच नवा कनेक्ट लिहिण्यात.

वेब अ‍ॅप, थ्रेड आणि पूल

शेवटच्या वर्षातील मुले हाच डेटाबेस एखाद्या छोट्या वेब अ‍ॅपला जोडतात आणि समस्या वेगळ्या वेशात परत येते. सर्व्हर प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात, हाताळू शकतो, आणि एसक्यूलाइट३ चे कनेक्शन ज्या थ्रेडमध्ये तयार झाले त्याच थ्रेडमध्ये वापरावे असा पायथॉनचा मूळ नियम आहे. तो मोडला की प्रोग्रामिंग एरर येतो. हा एरर टाळण्यासाठी मुले प्रत्येक विनंतीत नवे कनेक्शन उघडतात, आणि तेथून ‘नो सच टेबल’ पुन्हा सुरू होते. कनेक्ट करताना चेक-सेम-थ्रेड हा पर्याय फॉल्स ठेवला तर एकच कनेक्शन अनेक थ्रेडमध्ये वापरता येते, मात्र दोन थ्रेड एकाच वेळी लिहिणार नाहीत याची काळजी मग आपणच लॉक लावून घ्यायची असते.

एसक्यूलअल्केमी ही पायथॉनची डेटाबेस लायब्ररी वापरणाऱ्यांना हे आणखी गोंधळात टाकते, कारण तेथे कनेक्शन आपण उघडत नाही, इंजिनचा पूल, म्हणजे कनेक्शनांचा साठा, उघडतो. मेमरीतील एसक्यूलाइटसाठी तो पूल प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कनेक्शन देतो, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र डेटाबेस मिळतो. टेबल मुख्य थ्रेडमध्ये तयार होतात, विनंती दुसऱ्या थ्रेडमध्ये येते आणि तिला ती दिसत नाहीत. इंजिन तयार करताना पूलक्लास म्हणून स्टॅटिकपूल द्यावा आणि चेक-सेम-थ्रेड फॉल्स करावे, म्हणजे सर्वांना तेच एक कनेक्शन मिळते.

कधीकधी एकाच मेमरी डेटाबेसला दोन खरी कनेक्शन हवी असतात, उदाहरणार्थ ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाचा, अभ्यास करताना. त्यासाठी एसक्यूलाइट ३.७.१३ पासून, म्हणजे २०१२ पासून, यूआरआय स्वरूपातील नाव देण्याची सोय आहे : फाईल, कोलन, आपण ठरवलेले नाव, त्यापुढे प्रश्नचिन्ह, मोड बरोबर मेमरी, अँडचे चिन्ह आणि कॅश बरोबर शेअर्ड. येथे तीन गोष्टी चुकतात. पायथॉनच्या कनेक्टमध्ये यूआरआय हा पर्याय ट्रू करायचा राहिला, तर हे सगळे लांब नाव साध्या फाईलचे नाव समजले जाऊ शकते. कॅशचा भाग राहिला, तर नाव एक असूनही प्रत्येक कनेक्शनला वेगळा डेटाबेस मिळतो. आणि शेवटचे कनेक्शन बंद होताच डेटाबेस पुसला जातो, म्हणून एक कनेक्शन प्रोग्रामच्या शेवटपर्यंत काही न करता उघडे ठेवावे लागते. शिवाय ही भागीदारी एकाच प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या एकाच प्रोग्रामच्या, आत चालते. सर्व्हरने दुसरी प्रोसेस सुरू केली, किंवा कोड बदलताच आपोआप पुन्हा सुरू होणारी सोय चालू असली, तर नव्या प्रोसेसला कोरी पाटीच मिळते.

शेअर्ड कॅशमध्ये एक कनेक्शन टेबलावर लिहीत असेल आणि त्याने कमिट केले नसेल, तर दुसऱ्याने वाचायचा प्रयत्न करताच ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’ असा एरर तत्काळ येतो. कनेक्टमधील टाइमआउट वाढवून येथे उपयोग होत नाही, कारण या प्रकारच्या लॉकसाठी एसक्यूलाइट थांबून पाहतच नाही. खुद्द एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात शेअर्ड कॅश टाळण्याचा सल्ला आहे. खरोखर दोन कनेक्शनांची गरज असेल तर तात्पुरत्या फोल्डरमध्ये साधी फाईल उघडावी, असे माझे मत आहे. तेवढ्यासाठी मेमरीचा हट्ट धरू नये.

जावा शिकणाऱ्यांकडे एचटू हा डेटाबेस असतो आणि त्याचा स्वभाव थोडा वेगळा आहे. तेथे मेमरीतील डेटाबेसला नाव दिले तर एकाच जेव्हीएममधील (जावा प्रोग्राम ज्यात चालतो त्या आभासी यंत्रातील) दुसरे कनेक्शन तो डेटाबेस पाहू शकते, परंतु शेवटचे कनेक्शन बंद झाले की सर्व जाते. यूआरएलच्या शेवटी डीबी-क्लोज-डिले उणे एक असे जोडले की जेव्हीएम चालू असेपर्यंत डेटाबेस टिकतो. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या २.३ आवृत्तीपासून अशा डेटाबेसला आपोआप वेगळे नाव दिले जाते, त्यामुळे एचटूच्या कन्सोलमध्ये जुन्या सवयीने टेस्टडीबी असे नाव टाकले की आपली टेबले दिसत नाहीत. प्रोग्राम सुरू होताना लॉगमध्ये छापलेली यूआरएल तेथे टाकावी.

कनेक्शनबरोबर जाणाऱ्या इतर गोष्टी

टेबलाइतक्या ठळकपणे न दिसणाऱ्या काही गोष्टीही कनेक्शनच्याच असतात. फॉरिन की, म्हणजे एका टेबलातील क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे हे बंधन, हे त्यातले पहिले उदाहरण. एसक्यूलाइटमध्ये फॉरिन कीची तपासणी मुळात बंद असते, आणि प्राग्मा फॉरिन-कीज ऑन ही आज्ञा ज्या कनेक्शनवर दिली त्याच्यापुरतीच ती सुरू होते. यादीत नसलेल्या सभासद क्रमांकावर दूध जमा झाले तरी डेटाबेस हरकत घेत नाही, हे पाहून मुले फॉरिन कीची व्याख्या पुन्हा पुन्हा लिहितात. त्यातही एक बारकावा आहे : ही आज्ञा ट्रान्झॅक्शन चालू असताना दिली तर ती काहीच करत नाही आणि एररही देत नाही. पायथॉनचे मॉड्यूल पहिल्या इन्सर्टच्या आधी स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करते, म्हणून इन्सर्टनंतर आणि कमिटपूर्वी लिहिलेला हा प्राग्मा वाया जातो. तो कनेक्टच्या लगेच पुढच्या ओळीत असावा.

दुसरे उदाहरण क्रमवारीचे आहे. ऑर्डर बाय लावल्यावर एसक्यूलाइट अक्षरांची तुलना त्यांच्या संकेतांकानुसार करते. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल नंतर लगेच येते, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. क्ष आणि ज्ञ ही स्वतंत्र अक्षरे नसून अनुक्रमे क आणि ज पासून सुरू होणारी जोडाक्षरे म्हणून साठवली जातात. त्यामुळे सभासदांच्या यादीतील ‘ज्ञानेश्वर’ वर्णमालेच्या शेवटी न येता ज च्या गटात येतो. क्रिएट-कोलेशन वापरून स्वतःची क्रमवारी देता येते आणि माझ्या विद्यार्थ्यांना ते करायला आवडतेही, पण ती नोंदसुद्धा त्या एका कनेक्शनवरच होते. दुसऱ्या कनेक्शनवर तीच क्वेरी ‘नो सच कोलेशन सीक्वेन्स’ असे सांगते, आणि हे सांगणे ‘नो सच टेबल’चेच भावंड आहे. पायथॉनमधून नोंदवलेली फंक्शन आणि रो-फॅक्टरी (उत्तरातील ओळ कोणत्या रूपात मिळावी हे ठरवणारी सोय) यांचेही तसेच.

टेबल आहे, पण उत्तर चुकीचे आहे

ही तक्रार वेगळी असली तरी मुले ती ‘डेटा गायब झाला’ याच शब्दांत सांगतात, म्हणून तिच्याकडे येथे पाहणे आवश्यक आहे. सीमाभागात तिचे एक खास कारण आहे. संकलनाच्या नोंदी कोणी मराठी अंकांत टंकतो, कोणी कन्नड अंकांत, तर कोणी इंग्रजी अंकांत. एसक्यूलाइट फक्त इंग्रजी अंक ओळखते. फॅटचा रकाना रिअल प्रकाराचा असला तरी देवनागरीतील ‘४.२’ त्यात मजकूर म्हणूनच साठवला जातो आणि कोणतीही तक्रार होत नाही, कारण साध्या टेबलात रकान्याचा प्रकार हा आग्रह नसून केवळ कल असतो. यानंतर बेरीज आणि सरासरी काढताना त्या नोंदीची किंमत शून्य धरली जाते. फॅट ३.५ पेक्षा जास्त असलेल्या ओळी मागितल्या तर देवनागरीतील ‘३.१’ सुद्धा यादीत येतो, कारण एसक्यूलाइटच्या तुलनेत कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. एका विद्यार्थ्याच्या नमुन्यात सरासरी फॅट २ च्या खाली आली होती; निपाणीकडच्या म्हशींचे दूध इतके पातळ नसते हे त्याला स्वतःलाच ठाऊक होते, आणि त्या एका जाणिवेमुळेच त्याने आपली क्वेरी सोडून नोंदी तपासल्या.

तपासणी सोपी आहे : त्या रकान्यावर टाइपऑफ हे फंक्शन चालवून प्रकारानुसार ओळी मोजाव्यात, रिअलच्या बरोबरीने टेक्स्ट दिसले की कारण सापडले. उपायही हाताशी आहे, कारण पायथॉनचे फ्लोट हे फंक्शन देवनागरी आणि कन्नड दोन्ही अंक वाचू शकते. प्रत्येक आकडा इन्सर्टला देण्यापूर्वी फ्लोटमधून काढावा. त्याशिवाय एसक्यूलाइट ३.३७.० किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर टेबलाच्या व्याख्येच्या शेवटी स्ट्रिक्ट हा शब्द लिहावा. मग असा मजकूर संख्येच्या रकान्यात शिरतच नाही आणि एरर चुकीच्या ओळीवरच येतो. शिकण्यासाठी तयार केलेल्या प्रत्येक टेबलाला स्ट्रिक्ट लावावे असा मी आग्रह धरतो.

गावांच्या नावांचेही असेच होते. सरकारी कागदांत १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी हे नाव आले. आपण बोलताना आणि लिहिताना बेळगाव म्हणतो. जुन्या याद्यांमध्ये अनुस्वारासह बेळगांव असते. माणसाला ही तिन्ही नावे एकच वाटतात, पण जॉइनला ती तीन वेगळी मूल्ये वाटतात आणि इनर जॉइनमध्ये त्या ओळी नाहीशा होतात. नावावर जॉइन न लावता गावांचे वेगळे टेबल करून त्याच्या क्रमांकावर जॉइन लावावा. कोणत्या ओळी गळाल्या हे पाहायचे असेल तर लेफ्ट जॉइन करून उजव्या बाजूला नल आलेल्या ओळी काढाव्यात.

मेमरीतून फाईलवर जाताना

कच्चा आराखडा जमला की डेटाबेसचे नाव बदलून फाईलचे नाव दिले जाते, आणि तेथे सर्वांत चटका लावणारी चूक उघड होते. कमिट लिहिलेलेच नसते. मेमरीत एकाच कनेक्शनवर काम करताना कमिट न केलेल्या ओळी त्या कनेक्शनला दिसतच असतात, त्यामुळे कमिट राहिले आहे हे कळायला काही मार्गच नसतो. फाईलवर मात्र कनेक्शन बंद होताच त्या ओळी रोलबॅक होतात. टेबल राहते आणि ओळी जातात. म्हणून मेमरीत सराव करतानाही प्रत्येक लेखनानंतर कमिट करावे, किंवा लेखन विथमध्ये घ्यावे. डब्ल्यूएएल (बदल आधी वेगळ्या लॉग फाईलमध्ये लिहिण्याची) या जर्नल पद्धतीचा सराव मात्र मेमरीत होऊ शकत नाही. प्राग्मा जर्नल-मोड डब्ल्यूएएल असे दिले तरी उत्तर ‘मेमरी’ असेच येते, आणि त्यात आपली काही चूक नसते.

पावसाळ्यात आमच्याकडे, विशेषतः खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि मेमरीतील डेटाबेस विजेबरोबर जातो. नोंदी पुन्हा टंकणे टाळायचे असेल तर पायथॉन ३.७ पासून कनेक्शनवर असलेली बॅकअप ही पद्धत वापरावी : आधी कमिट करावे, फाईलचे दुसरे कनेक्शन उघडावे, आणि मेमरीच्या कनेक्शनवर बॅकअप म्हणून ते दुसरे कनेक्शन द्यावे. उलट दिशेने, म्हणजे फाईलमधून मेमरीत, आणण्यासाठीही हीच पद्धत चालते. एसक्यूलाइट ३.२७.० पासून व्हॅक्यूम इन्टू या एका आज्ञेनेही फाईल लिहिता येते, मात्र ती ट्रान्झॅक्शन चालू असताना चालत नाही. फाईल अ‍ॅटॅच करून क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्टने टेबल हलवण्याचा मार्ग पुष्कळ जण घेतात. त्यात ओळी येतात, पण प्रायमरी की, फॉरिन की, इंडेक्स आणि स्ट्रिक्ट यांपैकी काहीही येत नाही. त्यामुळे तो मार्ग केवळ झटपट पाहणीसाठी ठेवावा.

त्या खानापूरच्या विद्यार्थिनीचा कोड आता असा आहे. ‘उघडा’ नावाचे एक फंक्शन आहे, जे कनेक्ट करते, लगेच फॉरिन-कीज ऑन करते, क्रमवारी नोंदवते, दोन्ही स्ट्रिक्ट टेबले तयार करते, नमुन्याच्या वीस ओळी फ्लोटमधून गाळून भरते, कमिट करते आणि कनेक्शन परत देते. बाकीची सर्व फंक्शन ते कनेक्शन घेतात आणि क्वेरीखेरीज दुसरे काही करत नाहीत. वीज गेली किंवा नोटबुक पुन्हा सुरू करावे लागले, तर ती ‘उघडा’ एकदा चालवते आणि जेथे थांबली होती तेथून पुढची क्वेरी लिहायला घेते.